नसलेला गुंठा

आमच्या घरात एका गुंठ्यावरून अकरा वर्षं अबोला होता, आणि तो गुंठा कधी अस्तित्वातच नव्हता.

निफाड तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि धाकटे काका यांच्यात तिची तोंडी वाटणी झाली तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात एकच आकडा होता, दोन एकर. आजोबा तसंच सांगायचे आणि जुन्या कागदावरही तसंच होतं. दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे, दोघांना चाळीस-चाळीस. टेप धरून मोजलं, मधे बांध घातला, दगड रोवले. सगळं गोडीगुलाबीनं झालं. पुढे काकांना सोसायटीच्या कर्जासाठी सातबारा काढावा लागला. उतारा सामाईकच होता. त्यावर क्षेत्र होतं शून्य हेक्टर एक्याऐंशी आर.

आमच्याकडे आर म्हणजे गुंठा असं सर्रास धरतात. तलाठ्याकडे बसलेला माणूस तसंच सांगतो, दलाल तसंच सांगतो, शिकलेली मुलंही तसंच सांगतात. काकांनी हिशोब केला : क्षेत्र एक्याऐंशी गुंठे, आपल्याकडे चाळीस, म्हणजे मोठ्या भावाकडे एक्केचाळीस. अण्णांचा तुकडा नाल्याच्या कडेचा, त्याची कड वाकडीतिकडी, त्यामुळे संशयाला जागाही होती. काका एकदा बोलले, अण्णा एकदा चिडले, आणि मग दिवाळीचा फराळसुद्धा पोरांच्या हातून पाठवला जाऊ लागला.

मी आयटीआयमधून आरेखकाचा कोर्स केला आणि नाशिकला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले. चौरस मीटरचे चौरस फूट करणं हे माझं रोजचं काम. एका सुटीत घरी गेले असता काकांचा उतारा हातात आला आणि सहज पेन्सिल काढली. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. मीटरमध्ये १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. म्हणजे ८१ आर हे ८१ गुंठे होतच नाहीत. ते होतात ८०.०६ गुंठे. वरचे जे काही पॉइंट शून्य सहा आहेत, ते सहा चौरस मीटरच्या जरा वर. जुन्या मापात सांगायचं तर एक आणा. रुपयाचे जसे सोळा आणे, तसेच गुंठ्याचेही सोळा आणे, आणि एक आणा म्हणजे ६८ चौरस फूट, एक बैलगाडी जेमतेम उभी राहील इतकी जागा. तीही जमिनीत कुठे नव्हती. दोन एकरांचे नेमके ८०.९४ आर होतात. कुणीतरी कधीतरी ते पुरे ८१ करून टाकले होते.

काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "मंग तो गुंठा गेला कुठं?"

तो कुठेच गेला नव्हता. एका मापातून दुसऱ्या मापात जाताना वाटेत तयार झाला होता. तेव्हापासून माझं मत पक्कं होत गेलं आहे आणि ते मला इथे मांडायचं आहे. मापं बदलणं हे सरकारचं काम होतं, ते सरकारनं केलं. पण जुन्या मापातून नव्या मापात जायचा हिशोब मात्र लोकांवर सोडून दिला. ज्याला तो हिशोब येतो तो फायद्यात राहतो, ज्याला येत नाही तो भांडतो किंवा नाडला जातो. हा हिशोब छापील स्वरूपात, नेमका, माणसाच्या हातात पडणाऱ्या प्रत्येक कागदावर असला पाहिजे. ती मेहरबानी नव्हे, सरकारचं राहिलेलं काम आहे.

असं म्हटलं की दोन प्रकारचे लोक लगेच उत्तर देतात. एक म्हणतात, जुनी मापं हवीतच कशाला, सरळ मीटर वापरा. दुसरे म्हणतात, आपली मापं किती शास्त्रशुद्ध होती, तीच परत आणा. दुसऱ्यांपासून सुरुवात करते, कारण त्यांचं उत्तर आपल्या नाशिकच्याच डोंगरावर कोरलेलं आहे.

पांडवलेणीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची दानपत्रं आहेत, साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीची. एकात त्यानं इथल्या भिक्षूंना अपरकखडी गावातलं दोनशे निवर्तनं शेत दिल्याची नोंद आहे. पुढच्या लेखात वेगळीच हकिकत आहे : कखडी गावातलं दिलेलं शेत कसलं जात नाही, गावात वस्तीही नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या हद्दीवरच्या राजाच्या मालकीच्या शेतातली शंभर निवर्तनं द्यावीत. जमीन दिली, ती कामाची निघाली नाही, बदलून दिली, आणि क्षेत्र आकड्यानिशी दगडावर लिहून ठेवलं. इतका जुना आणि इतका पक्का फेरफार महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी बघायला मिळेल.

पण निवर्तन म्हणजे नेमकं किती? भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीत सुरुवातीलाच मापांची कोष्टकं आहेत. आठ यवांचं एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हात, दहा हातांचा एक वंश, म्हणजे बांबू, आणि चारी बाजू वीस-वीस वंशांच्या असलेलं क्षेत्र म्हणजे निवर्तन. बाजू दोनशे हातांची झाली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मात्र निवर्तनाची बाजू तीन रज्जू, म्हणजे तीस दंड. दंड चार हातांचा धरला तर बाजू एकशेवीस हातांची होते. पहिल्या हिशोबानं चाळीस हजार चौरस हात, दुसऱ्या हिशोबानं चौदा हजार चारशे. शब्द एकच, जमीन पावणेतीनपट. यातली काठी कुणाच्या हातात आहे, यावर शेतकऱ्याचं नशीब ठरणार.

हे आपल्या राज्यकर्त्यांना चांगलं ठाऊक होतं. शिवकाळातल्या जमीनमोजणीची जी काठी सभासदाच्या बखरीत दिली आहे, ती पाच हात पाच मुठींची. पण बखर तेवढ्यावर थांबत नाही. हात चौदा तसूंचा असावा आणि काठी एकूण ब्याऐंशी तसूंची असावी, असंही त्यात बजावलेलं आहे. पाच हातांचे सत्तर तसू, पाच मुठींचे बारा. कारण हात आणि मूठ माणसागणिक बदलते. उंच मोजणीदार आला की रयतेची जमीन कमी भरणार आणि ठेंगणा आला की जास्त. तसूंत बांधल्यावर काठी कुणाच्या अंगाची राहत नाही. पुढे वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो बिघा. लीलावतीतलं वीस वंशांचं निवर्तन आणि हा वीस काठ्यांचा बिघा यांचा सांगाडा एकच आहे, हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी ऑफिसात जोरात "अरे!" म्हणाले होते.

म्हणजे जुन्या मापांचा आदर करायचा तर त्यांच्यातली ही धडपड आधी बघायला हवी. माप एकसारखं असावं, कुणाच्या शरीरावर किंवा मर्जीवर अवलंबून नसावं, ही ती धडपड. मीटर हे त्याच धडपडीचं पुढचं पाऊल आहे. गजाचीच गोष्ट घ्या. मुंबई इलाख्यात तो २७ इंचांचा, मद्रासकडे ३३ इंचांचा, बंगालमध्ये ३६ इंचांचा. "तसूभरही ढळला नाही" असं आपण अजून लिहितो. तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग, मग कुठल्या गजाचा, हे कोण सांगणार? अशी मापं व्यवहारात परत आणावीत असं म्हणणाऱ्यांना मी हात जोडून सांगेन की तुम्ही गरिबाचं नुकसान मागता आहात.

आणखी एक. ज्या गुंठ्याला आपण अगदी मातीतलं माप समजतो, त्याची आजची लांबी-रुंदी इंग्रजी अमदानीतली आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरकडून १८३५ च्या सुमारास जी पाहणी सुरू केली, तिच्या परंपरेत ३३ फुटांची साखळी रूढ झाली. एक साखळी चौरस म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, असा तो हिशोब जुळवलेला आहे. वारही तसाच. येवल्याची पैठणी नऊवारी असते, पण तो वार ३६ इंचांचा, म्हणजे ९१.४४ सेंटीमीटरचा. नऊ वारांचे सव्वाआठ मीटर होतात. तरी नऊवारी ही नऊवारीच राहणार आणि तिनं राहावंही. बाईच्या अंगावर ती कशी बसते, काष्टा कसा येतो, हे त्या नऊच्या आकड्याशी बांधलेलं आहे. देशी की परदेशी हा वाद इथे निकामी आहे. माणसाच्या हाताला आणि जिभेला जे माप बसलं आहे ते त्याचं.

आता पहिल्या प्रकारच्या लोकांकडे वळते. सगळं मीटरमध्ये करा, दोन्ही मापं छापत बसलात तर लोक कधीच शिकणार नाहीत, असं ते म्हणतात. हे मत मी अनेक हुशार इंजिनिअरांकडून ऐकलं आहे आणि त्यात तथ्यही आहे. नवी भाषा शिकायची तर रोज भाषांतर हातात ठेवून चालत नाही. पण वस्तुस्थिती बघा. मापांचा कायदा १९५६ चा. १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं दशमान मापं लागू झाली. २००९ च्या वैधमापन कायद्यात प्रमाणित मापांखेरीज दुसऱ्या मापात भाव सांगायलाही मनाई आहे. म्हणजे साठ-पासष्ट वर्षं आपण भाषांतर न देता शिकवून बघितलं आहे. गंगापूर रोडवरचा फ्लॅट आजही चौरस फुटावरच विकला जातो.

लोक हट्टी आहेत म्हणून असं झालं, हे मला मान्य नाही. द्राक्षबागेत एक दिवस उभे राहा. पिंपळगावकडचा साधा बागाईतदार जमीन एकर-गुंठ्यांत सांगतो, वेलींची लागण नऊ बाय पाच फुटांवर करतो आणि एकरी ९६८ वेली बसतात हे तोंडी सांगतो. ठिबकची नळी त्याच्याकडे सोळा एमएमची आणि तिच्यावरचे ड्रिपर सेंटीमीटरच्या अंतरानं. विहिरीची खोली परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, बोअरची फुटात. मणी मात्र मिलिमीटरमध्ये : सोळाचा, अठराचा. निर्यातीच्या हंगामात भोकं पाडलेली पट्टी घेऊन बायका घडावर फिरतात आणि नुसत्या नजरेनं सांगतात, हा पंधराचा आहे, हा जाऊ द्या. ज्या कामात मिलिमीटरला पैसा आहे तिथे मिलिमीटर एका पिढीत आला. तेव्हा शिकण्याची ताकद लोकांत नाही असं नाही. जिथे सरकारी कागदानं नुसतं नाव बदललं आणि समोरच्याला त्याचा अर्थ सांगितला नाही, तिथे घोटाळा राहिला.

त्याच बागेतली दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. कीटकनाशकाच्या डब्यावरच्या कागदात मात्रा हेक्टरी दिलेली असते. शेतकऱ्याच्या डोक्यात एकर. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. बारीक अक्षरात छापलेली ती मात्रा कुणी एकराची समजून टाकली तर अडीचपट औषध वेलीवर जातं. फवारणाऱ्याच्या अंगावर जातं, मण्यात उतरतं, आणि पुढे उर्वरित अंशाच्या तपासणीत माल अडकतो. त्या कागदावर "एकरी इतकं" अशी एक ओळ छापायला किती शाई लागेल?

आणि जुनी मापं फक्त अडाणी लोक धरून आहेत, असंही कुणी म्हणू नये. सरकार स्वतःच ती धरून आहे. वाळूची, मुरमाची, खडीची रॉयल्टी आजही ब्रासवर आहे. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. २००१ साली झालेल्या कायद्याच्या नावातच "गुंठेवारी" आहे. धरणातलं पाणी टीएमसीत, नदीतला विसर्ग क्युसेकमध्ये. हे सगळे घनफुटाचेच अवतार आहेत. त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण आपण स्वतः दोन मापांत राहायचं आणि सामान्य माणसानं मात्र एका रात्रीत एकाच मापात यावं, असं कसं म्हणता येईल?

पाण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण नाशिककरांच्या डोक्यात यावरून खूप कडवटपणा आहे. गंगापूर धरणाची क्षमता आपण ५६३० दशलक्ष घनफूट अशी वाचतो. जायकवाडीची बातमी येते ती दशलक्ष घनमीटरमध्ये, एकूण २९०९. दोन्ही आकडे एकाच पानावर आले तर गंगापूर हे जायकवाडीच्या दुप्पट वाटतं. प्रत्यक्षात गंगापूरचे ५६३० दलघफू म्हणजे जेमतेम १५९ दलघमी, आणि जायकवाडी त्याच्या अठरापट. गोदावरीच्या वरच्या टोकाला एक माप, खालच्या टोकाला दुसरं, आणि मधे दर दुष्काळात होणारं भांडण. पाणी सोडायचं की नाही, किती सोडायचं, यावर माझीही मतं आहेत, ती आज बाजूला ठेवते. पण दोन्हीकडच्या माणसांना एकच आकडा एकाच मापात दिसत नसेल तर ते भांडण कधीही हिशोबाचं होणार नाही. ते संशयाचंच राहणार, अगदी आमच्या अण्णा-काकांसारखं.

आणि पुराचं? नाशिकला पूर कसा मोजतात हे इथल्या पोरालाही माहीत आहे. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या पायाला लागलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीपर्यंत गेलं. मारुती डोक्यासकट दिसेनासा झाला की भांडी बाजारातले, सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. पुढची खूण सरकारवाड्याच्या पायऱ्यांची. आणि पाणी नारोशंकराच्या घंटेला लागलं म्हणजे १९६९ सारखा महापूर. ही खरी मापपट्टी आहे. ती नदीच्या आत उभी आहे, सगळ्यांना दिसते, अनेक पिढ्यांनी तिच्यावर आपापल्या दुकानाची उंची ताडून बघितली आहे. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये लोकांनी एकमेकांना जे फोन केले ते "मारुती किती बुडाला?" असेच.

सरकारी माहिती काय येते? होळकर पुलाखालून इतके हजार क्युसेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, २८.३ लिटर. तो आकडा खरा असतो, मोलाचा असतो, पण बाजारातल्या माणसाला त्यातून उंची कळत नाही. कळूही शकत नाही, कारण विसर्ग आणि पातळी यांचं नातं गुंठा-आरसारखं एका गुणाकाराचं नसतं. पात्र किती रुंद, तळ कसा, वेग किती, यावर ते ठरतं, आणि पात्रात बांधकाम वाढलं की तेच पाणी जास्त उंच चढतं. हे नातं मोजून ठेवता येतं. पाटबंधारे खात्याकडे अशी कामं करणारी माणसं आहेत, आणि मेरीसारखी संशोधन संस्था १९५९ पासून आपल्याच दिंडोरी रोडवर आहे. मग घाटावर एक फलक का असू नये? इतक्या क्युसेकला पाणी मारुतीच्या गुडघ्याला, इतक्याला कमरेला, इतक्याला सरकारवाड्याच्या पहिल्या पायरीला. शेजारी मीटरमध्ये पातळी. दर काही वर्षांनी नव्यानं मोजून आकडे दुरुस्त करायचे. धरणातून पाणी सोडल्याचा संदेश मोबाइलवर आला की माणसाला दोन तास आधी कळेल, आपलं दुकान वाचतंय की नाही. मारुतीला मीटर जोडून दिला तर मीटरचा अपमान होत नाही.

आता बाजारातलं रूपांतर. हे मला स्वतःच्या खिशातून शिकावं लागलं, आणि मी या धंद्यात असूनही शिकावं लागलं, म्हणून सांगते. घराच्या फरशीचं काम काढलं तेव्हा मी "दोन बाय दोन"ची टाइल घेतली. दुकानदारानं एका खोक्यात चार टाइल, म्हणून एका खोक्याचे सोळा चौरस फूट लावले. ६४० चौरस फुटांना चाळीस खोकी. मिस्त्री हुशार होता. काम अर्ध्यावर आलं तेव्हा म्हणाला, "ताई, तूटफूट धरली ती वेगळी, पण तरी दोन खोकी कमी पडतील बघा." मी टेप लावली. टाइल दोन फुटांची नव्हतीच, ६०० मिलिमीटरची होती. दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. एका बाजूला साडेनऊ मिलिमीटर, करंगळीच्या रुंदीएवढेसुद्धा नाहीत. पण चार टाइलचे होतात १.४४ चौरस मीटर, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. चाळीस खोक्यांत मी वीस चौरस फुटांचे पैसे जास्त दिले होते आणि तेवढी फरशी घरात आलीच नव्हती. खोक्यावर १.४४ चौ. मी. असं स्पष्ट छापलेलं होतं. बिलावर १६ चौ. फूट होते. मधला गुणाकार कुणीच केला नाही, मीही नाही.

नळाचंही तेच. शेतात ज्याला आपण दोन इंची पाइप म्हणतो तो पीव्हीसीमध्ये ६३ एमएमचा, अडीच इंची तो ७५ चा, तीन इंची तो ९० चा. बाहेरून मोजायचं की आतून, प्लास्टिकचा की लोखंडाचा, यावर इंच बदलतो. लोखंडी दोन इंची पाइपचा बाहेरचा व्यास साठ मिलिमीटरच्या थोडा वर असतो, म्हणून प्लास्टिकचा ६३ चा तुकडा त्यावर तसा बसत नाही, जोड लागतो. इथे निदान दुकानदार आणि प्लंबर दोघांनाही हे पाठ असतं आणि चूक झाली तर पाणी गळून लगेच दिसते. जमिनीत आणि फरशीत ती वर्षानुवर्षं दिसत नाही.

माझ्या ऑफिसात महापालिकेला द्यायचा नकाशा मीटरमध्ये असतो. मालकाशी बोलणं फुटात. सुतार येतो तो फूट, इंच आणि सूत सांगतो. आठ सुतांचा इंच, एक सूत तीन मिलिमीटरच्या किंचित वर. "तीन फूट दोन इंच चार सूत" हे तो टेपकडे न बघता बोलतो आणि कपाट भिंतीला चपखल बसतं. त्याच्या हातातल्या टेपला दोन कडा आहेत, एकीवर इंच, दुसरीवर सेंटीमीटर. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात ती टेप मिळते. टेप बनवणाऱ्याला जे सुचलं ते सातबारा छापणाऱ्याला सुचायला हरकत नव्हती.

मी मागते ते फार नाही. कायदेशीर माप मीटरचंच राहू दे. वाद झाला तर तेच खरं, यात तडजोड नको, कारण दोन खरी मापं असली की बळी तो कान पिळी हे ठरलेलं. पण जो कागद माणसाच्या घरात, शेतात, धंद्यात जातो त्यावर त्याच्या मापातला आकडाही असावा, आणि तो अंदाजे नसावा. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, चौरस मीटर १०.७६४ चौरस फुटांचा. आकडा आधी पुरा करून मग गुणू नये, गुणून झाल्यावर शेवटी पुरा करावा, आणि पुरा केला असेल तर तसं लिहावं. आमचा गुंठा इथेच जन्माला आला होता. कुणी ८०.९४ चे ८१ केले आणि पुढच्यानं आरचा गुंठा केला. एकेक चूक क्षम्य होती, दोन मिळून एक घर मोडलं.

शाळेतही याला जागा हवी. मीटर-सेंटीमीटर मुलांना छान येतं. पण पाचवी-सहावीतल्या मुलानं घरचा सातबारा घेऊन त्याचे गुंठे करावेत, आजीच्या नऊवारीचे मीटर करावेत, स्वतःची वीत मोजून भिंत किती विती ते सांगावं आणि मग शेजारच्या मुलाची वीत वेगळी का येते यावर बोलावं. मोजमाप एकसारखं का असावं लागतं, हे त्या एका तासात कळेल. मला ते चाळिशीत कळलं.

नाशिकला याची निकड आत्ता आहे. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रस्ते रुंद व्हायचे आहेत, जमिनी लागायच्या आहेत. कागद चौरस मीटरमध्ये येतील, शेजारपाजारच्या व्यवहारांचे भाव चौरस फुटात आणि गुंठ्यात बोलले जातील. मोबदल्याचा आकडा बरोबर असला तरी मालकाला तो ताडून बघता आला नाही तर तो कुणा मध्यस्थाकडे जाईल, आणि मध्यस्थ त्या गुणाकाराचे पैसे घेईल. ज्यांच्याकडे वकील आहे त्यांचं भागेल. जुन्या नाशकातल्या वाड्यात तीन खणांची खोली असलेल्या म्हातारीचं काय?

अण्णा गेले त्याला चार वर्षं झाली. त्याआधी दोघं भाऊ पुन्हा एका पंगतीला बसले होते, एवढं समाधान आहे. काकांनी माझ्याकडून तो पेन्सिलचा हिशोब मागून घेतला आणि उताऱ्याच्या मागे चिकटवून ठेवला. नोटिसांवरही मला तेवढंच हवं आहे. "संपादित क्षेत्र ४६.४५ चौ. मी., म्हणजे ५०० चौ. फूट, म्हणजे अर्ध्या गुंठ्याला ४४.५ चौ. फूट कमी." एवढी एक ओळ, मराठीत, डोळ्यांना दिसेल अशा अक्षरात.